कागद अडकल्यावर काय? कार्यालयातलं झेरॉक्स मशीन दिव्यांग सहकाऱ्यांसाठी लावताना

कार्यालयात दिव्यांग सहकारी असले की झेरॉक्सच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर असतं: "मामा, याच्या दोन प्रती काढून आणा ना." शिपाईमामा आणूनही देतात. पण पगाराची स्लिप, वैद्यकीय दाखला, एखादा तक्रारअर्ज असे कागद दर वेळी दुसऱ्याच्या हातून जावेत असं कुणालाच वाटत नाही, आणि मामा बँकेत गेले की काम खोळंबतं ते वेगळंच. रत्नागिरीतल्या आमच्या कार्यालयात भाड्याच्या मशीनचा करार संपत आला तेव्हा ठरलं, की नवं मशीन दृष्टिहीन, अल्पदृष्टी, व्हीलचेअर वापरणारे, एकाच हाताने काम करणारे आणि ऐकू न येणारे अशा सगळ्यांना स्वतः चालवता आलं पाहिजे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. मशीन नीट चालत असतं तेव्हा बहुतेक अडचणींवर काही ना काही उपाय निघतो. कागद संपला, अडकला किंवा वीज जाऊन आली, की सगळी सोय कोलमडते. आणि पाऊस लागला की कोकणात कागद अडकणारच. म्हणून मशीन निवडताना आणि लावताना पहिला प्रश्न हाच ठेवला: अडकलं तर कोण काढेल?

उंची आणि जोर

सुरुवात मोजपट्टीने केली. अमेरिकेतल्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 508 च्या नियमांत कार्यालयीन यंत्रांसाठी उपयोगी आकडे आहेत. बटणं, मुठी, ट्रे असे हाताळायचे भाग जमिनीपासून 380 ते 1220 मिलिमीटरच्या आत असावेत, किमान एका पद्धतीने ते एका हाताने चालवता यावेत, घट्ट पकडणं, चिमटीत धरणं किंवा मनगट पिळणं यांची गरज पडू नये आणि जोर 22.2 न्यूटनपेक्षा जास्त लागू नये. 22.2 न्यूटन म्हणजे साधारण सव्वादोन किलोचा ओढा. तो मोजायला मासळी तोलतात तसला हुकाचा डिजिटल काटा पुरतो. ट्रेच्या खाचेत आणि झाकणाच्या पुढच्या कडेला दोरी अडकवून काट्याने सावकाश ओढायचं आणि सर्वांत मोठा आकडा टिपायचा. सुरुवातीचा झटकाच जास्त असतो. ट्रे एकदा सुटला की हलका होतो.

स्टँडवरचं ए-3 मशीन व्हीलचेअरवरून वापरायला दोन ठिकाणी नडतं. वरचं झाकण, म्हणजे कागद आपोआप ओढणारा फीडर ज्यात असतो ते, उघडलं की त्याची कड बसलेल्या माणसाच्या हातापलीकडे जाते. उघडता येतं, पण पुन्हा खाली ओढता येत नाही. आणि सर्वांत खालचा ट्रे पायांच्या टेकणीआड जातो. झाकणाला लावायची लांब मूठ काही कंपन्या देतात. कॅनन आणि कोनिका मिनोल्टा यांच्या जोडसाहित्याच्या यादीत ती सापडते. दुकानात विचारलं तर बऱ्याचदा "असलं काही येत नाही" असं ऐकायला मिळतं, त्यामुळे यादीतला पार्ट क्रमांक आपणच काढून द्यावा. मूठ येईपर्यंत नायलॉनच्या पट्ट्याचा फास झाकणाच्या पुढच्या कडेला बांधून काम भागतं. मात्र पट्टा काचेवर आला तर प्रतीत काळी रेघ उमटते, तेव्हा तो बाहेरच्या बाजूला लोंबता ठेवायचा.

याहून सोपा मार्ग म्हणजे स्टँड न घेता ए-4 आकाराचं मशीन टेबलावर ठेवणं. आमच्याकडे शेवटी दोन्ही ठेवली: मोठं मशीन जाड फायलींसाठी आणि टेबलावरचं लहान मशीन रोजच्या कामासाठी. त्यासमोर 900 बाय 1200 मिलिमीटर जागा मोकळी सोडली आणि व्हीलचेअर वळवायला 1500 मिलिमीटर व्यासाची. ही जागा मोकळी ठेवणं हे मशीन घेण्यापेक्षा कठीण काम आहे. रीमचे खोके, छत्र्यांची बादली, जुन्या फायलींचे गठ्ठे सगळं तिथेच येऊन बसतं. जमिनीवर पिवळी पट्टी मारली, तेव्हा कुठे थोडा फरक पडला.

पडदा

नव्या मशीनवर बटणं जवळजवळ उरलेलीच नाहीत; सगळा कारभार टचस्क्रीनवर. दृष्टिहीन माणसाला गुळगुळीत काचेवर काहीच लागत नाही. शिवाय मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह पडदा असेल तर कृत्रिम हात, नख किंवा साधी काठी त्याला ओळखूच येत नाही. त्याला त्वचेचा स्पर्श लागतो किंवा खास स्टायलस. जुने रेझिस्टिव्ह पडदे दाबाने चालतात, त्यामुळे पेनाचं टोपणही चालतं. इथे सेकंडहँड, दुरुस्त करून विकलेली मशीनं बरीच खपतात. त्यांवर अजून अंकांची खरी बटणं असतात, 5 वर बोटाला लागणारं टिंब असतं, स्टार्टचं बटण मोठं आणि बाजूला असतं. हाताळायला ती नव्यापेक्षा सोयीची. मात्र नेटवर्कच्या बाबतीत ती नडतात. ते पुढे येईलच.

बोलणारी मशीनंही आहेत. लेक्समार्कच्या टचस्क्रीन असलेल्या काही मॉडेलांत आवाजी मार्गदर्शन असतं, हेडफोन लावून ते ऐकता येतं. पण असल्या सोयीतला आवाज मराठी असेल असं धरून चालू नये. इंग्रजीत कामचलाऊ समजणाऱ्याला ती उपयोगी पडते. ज्याचं शिक्षण मराठी ब्रेलमधून झालंय त्याच्यासाठी दुसरा रस्ता लागतो.

पडद्यावर टिंबांचे स्टिकर लावणं हा सुचणारा पहिला उपाय, आणि तो अर्धवटच चालतो. पडद्यावरची बटणं दर पानाला जागा बदलतात. "ट्रे 1 मध्ये कागद नाही" अशी चौकट वर आली की खालच्या टिंबाचा अर्थ बदलतो, आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून टिंबं पडद्याच्या आत न लावता चौकटीवर लावली आणि मुख्य पानावर फक्त चार मोठी बटणं ठेवली: साधी प्रत, ओळखपत्राची प्रत, मोठी प्रत, संगणकावर स्कॅन. बहुतेक मशीनमध्ये अशी कामं आधीच ठरवून साठवता येतात. चार बटणं चार कोपऱ्यांत, म्हणजे चौकटीवरच्या टिंबापासून बोट आत सरकवलं की बटण सापडतं.

दुसरी सेटिंग वेळेची. काही सेकंद हात लावला नाही की मशीन आपोआप मूळ पानावर जातं आणि निवडलेलं सगळं पुसतं. हाताला कंप असणाऱ्याचा किंवा चाचपडत बटण शोधणाऱ्याचा तेवढ्यात निम्मा प्रवास झालेला असतो. ही वेळ व्यवस्थापकाच्या सेटिंगमधून जितकी वाढवता येईल तितकी वाढवावी. बटण किती वेळ दाबल्यावर ते मानायचं, हेही काही मॉडेलांत बदलता येतं; कंप असेल तर ते थोडं लांबवावं, नाहीतर एका प्रतीच्या अकरा होतात.

अल्पदृष्टी सहकाऱ्यांसाठी पडद्याचे रंग उलटे करण्याची सोय असेल तर ती चालू करावी. आणि मशीनचा एक जुनाच गुण इथे कामाला येतो: ए-4 चं ए-3 करायला 141 टक्के लागतात, ए-5 चं ए-4 करायलाही तेवढेच. परिपत्रकाची "मोठी प्रत" याच बटणावर ठेवली. मूळ अक्षर 12 पॉइंटचं असेल तर ते जवळपास 17 चं होतं. प्रत फिकी येत असेल तर गडदपणा एक पायरी वाढवायचा, दोन नाही. दोन वाढवल्या तर मागच्या बाजूची अक्षरं उमटायला लागतात.

ओळखपत्राची प्रत

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, बँकेचं कार्ड यांच्या प्रती दिव्यांग माणसाला इतरांपेक्षा जास्त लागतात, आणि नेमकं हेच काम न पाहता करायला सर्वांत अवघड. कार्ड काचेवर तिरकं बसतं, कड कापली जाते, किंवा दुसऱ्या बाजूला ते उलटं ठेवलं जातं.

यावर पुठ्ठ्याचा साचा चांगला चालला. ए-4 आकाराचा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पांढरा पुठ्ठा घ्यायचा. काचेच्या ज्या कोपऱ्यात कागद टेकवायची बाणाची खूण असते तो कोपरा पक्का धरायचा. बऱ्याच मशीनवर तो मागचा डावा असतो, पण आपल्या मशीनवर तपासून घ्यावा. त्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंनी 10 मिलिमीटर सोडून पुठ्ठ्यात कार्डाच्या मापाची खिडकी कापायची. कार्ड 85.6 बाय 54 मिलिमीटर असतं, खिडकी 87 बाय 55 ठेवली की ते अडकत नाही आणि हलतही नाही. 10 मिलिमीटर सोडायचं कारण असं, की कडेचा साधारण चार मिलिमीटरचा पट्टा मशीन छापतच नाही. पुठ्ठा पांढराच हवा. तपकिरी घेतला तर कार्डाभोवती करडी चौकट येते. ज्या कोपऱ्यात साचा टेकवायचा त्या कोपऱ्याला, वरच्या बाजूने, एक खाच पाडायची. म्हणजे साचा उलटा ठेवला गेला तर बोटाला लगेच कळतं.

कार्डाची दुसरी बाजू ठेवताना ते पुस्तकाच्या पानासारखं आडवं उलटायचं, वरून खाली नाही. नाहीतर एक बाजू सुलटी आणि दुसरी डोक्यावर उभी येते, आणि असली प्रत सरकारी कचेरीच्या किंवा बँकेच्या खिडकीवरून परत येते. सुट्या कागदांसाठी नियम लहानसा आहे: काचेवर छापील बाजू खाली, फीडरमध्ये बहुतेक मशीनवर छापील बाजू वर. कोणती बाजू छापील हे कळायला मूळ कागद फायलीत लावतानाच वरचा उजवा कोपरा बारीकसा कापून ठेवणं हा जुना उपाय आहे. अर्थात मूळ दाखल्याचा कोपरा कापू नये. त्याला पारदर्शक पिशवीत घालून पिशवीचा कोपरा कापावा.

संगणकाच्या बाजूने

पूर्ण दृष्टिहीन सहकाऱ्याला मशीनच्या पडद्यापर्यंत न जाता काम करता येणं हाच खात्रीचा मार्ग ठरला. एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, विंडोजवर चालतं आणि त्यातल्या ईस्पीक आवाजात मराठी आहे. आवाज गोड नाही, पण झरझर वाचतो. छपाई कंट्रोल आणि पी दाबून होते. विंडोजमधला "डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा" हा पर्याय बंद करावा, नाहीतर काल पीडीएफ केली म्हणून आज पत्र कागदावर न जाता फाइलमध्ये जातं, आणि माणूस मशीनपाशी वाट पाहत बसतो.

प्रत काढायची असेल तर आधी स्कॅन, मग छपाई. नॅप्स2 हा मोफत प्रोग्रॅम कीबोर्डवर पूर्ण चालतो. स्कॅनची बारकाई 300 डीपीआय ठेवायची, ओसीआरमध्ये (चित्रातली अक्षरं ओळखण्याच्या सोयीत) मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा उतरवून घ्यायच्या. स्कॅन झालं की मजकूर वाचून घेता येतो, म्हणजे कागद सुलटा होता, योग्य होता आणि कोरी बाजू आली नाही याची खात्री छापण्याआधीच होते. हस्ताक्षर आणि शिक्क्याखालची अक्षरं मात्र नीट वाचली जात नाहीत. तलाठ्याच्या जुन्या उताऱ्यावर फार भिस्त ठेवू नये.

बहुतेक नेटवर्क मशीनना स्वतःचं वेब पान असतं. मशीनचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की कोणता ट्रे रिकामा आहे, टोनर (छपाईची पूड) किती आहे, कागद कुठे अडकलाय हे तिथे लिहिलेलं असतं आणि एनव्हीडीए ते वाचतं. हे पान बुकमार्क करून देणं ही सर्वांत स्वस्त सोय. मशीन घेण्याआधी ते पान स्क्रीन रीडरने वाचून बघावं, कारण काही ठिकाणी स्थिती फक्त चित्राने दाखवलेली असते आणि स्क्रीन रीडर नुसतं "ग्राफिक" म्हणून पुढे जातं.

आता वीज. महावितरणची लाइन गेली आणि आली की राउटर मशीनला नवा आयपी पत्ता देऊ शकतो. मग बुकमार्क चुकतो, छपाई "ऑफलाइन" दाखवते. डोळस माणूस मशीनच्या पडद्यावर पत्ता बघतो, दृष्टिहीन माणूस अडकून बसतो. म्हणून राउटरमध्ये मशीनच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाला) एकच आयपी राखून ठेवावा, आणि विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना विंडोज आपणहून शोधून देतं तो डब्ल्यूएसडी पोर्ट न घेता साधा टीसीपी-आयपी पोर्ट घ्यावा. लेझर मशीन संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लावायचं नाही; फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून बसवणारा भाग) तापताना हजार वॉटच्या वर ओढा जातो आणि यूपीएस बसतो.

जुन्या मशीनचं नेटवर्कचं दुखणं म्हणजे संगणकाच्या फोल्डरमध्ये स्कॅन टाकण्यासाठी त्यांना एसएमबी या फाइल-देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिली आवृत्ती लागते, आणि विंडोज 10 च्या 2017 नंतरच्या आवृत्त्यांत ती सुरुवातीपासून बसवलेली नसते. सुरक्षेच्या दृष्टीने ती पुन्हा चालू करू नये. अशा मशीनवरून स्कॅन मेलने पाठवावं किंवा यूएसबी केबलने एका संगणकाला जोडून घ्यावं. जीमेलमधून पाठवायचं तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

गोपनीय छपाईसाठी पिनपेक्षा कार्ड बरं. मशीनच्या कडेला कार्ड टेकवलं की त्या माणसाची कामं बाहेर येतात. एका हाताने होतं, बघावं लागत नाही. कार्ड वाचणारा भाग नेमका कुठे आहे तिथे खडबडीत कापडी पट्टी चिकटवावी. पावसात साधे स्टिकर सुटतात. आधी जागा स्पिरिटने पुसून, वाळवून मग लावले तर टिकतात.

ऐकू न येणाऱ्यांसाठी फार काही लागत नाही. चूक झाली की मशीन नुसतं बीप करत असेल तर संगणकावर सूचना येण्याची सोय चालू करावी आणि मशीनचा सूचना देणारा दिवा दाराकडे तोंड करून असावा.

आणि आता कागद

पावसाळ्यात इथली हवा ओलीचिंब असते, आणि बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत चालवण्याची मर्यादा 80 टक्के आर्द्रतेच्या आसपास दिलेली असते. उघड्या रीममधल्या कागदाच्या कडा आधी पाणी ओढतात, मधला भाग मागे राहतो. म्हणून कडा लाटांसारख्या होतात. दोन कागद एकमेकांना धरून बसतात आणि रोलर ते एकदम ओढतो. फ्यूजरमध्ये त्या पाण्याची वाफ होते, कागद वळतो, बाहेर पडण्याच्या जागी अडतो. ओला कागद वीज धरून ठेवत नाही, त्यामुळे टोनरही फिका बसतो. दोन्ही बाजूंनी छापताना तोच वळलेला कागद पुन्हा आत जातो. म्हणून ज्यांना अडकलेला कागद काढता येत नाही त्यांच्या संगणकावर पावसाळ्यापुरती दोन्ही बाजूंची छपाई बंद ठेवली.

ट्रेमध्ये 500 कागद भरायचे नाहीत. 75 जीएसएमचा (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) ए-4 कागद 500 पानांना साधारण 2.3 किलो भरतो; 200 भरले की एक किलोच्या आत. कागद दमट होण्याआधी संपतो आणि एका हाताने ट्रे ओढायलाही हलका जातो. उरलेली रीम वेष्टनातच ठेवून झाकणाच्या डब्यात. काही मशीनना ट्रेखाली हीटर बसवता येतो. तो विक्रेत्याकडून मागून घ्यावा. पण संध्याकाळी जाताना सगळ्या कार्यालयाचा मेन पाडायची आपल्याकडे सवय, आणि हीटरचं खरं काम रात्रीचंच. मशीनची लाइन वेगळी काढून त्या स्विचवर "बंद करू नये" असं लिहून ठेवलं.

तरी अडकतोच. मशीनच्या आत हात लावण्याजोग्या मुठी कंपन्या हिरव्या किंवा निळ्या रंगात देतात. न दिसणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. त्या मुठींवर एक-एक उंच टिंब लावलं, फीडरच्या झाकणात एक आणि बाजूच्या दारात दोन. फीडर, ट्रे आणि बाहेर पडण्याची जागा या तिन्हींतला कागद दृष्टिहीन सहकारी स्वतः काढतात: कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, दोन्ही कडा धरून, सावकाश. फाटला तर राहिलेला तुकडा सेन्सरवर बसतो आणि मशीन अडकलंय असंच सांगत राहतं. एका हाताने काढताना कागद तिरका ओढला जातो आणि फाटतो, म्हणून मधोमध धरावा. फ्यूजरचं दार मात्र नियमाने वर्ज्य. आतला रोलर पावणेदोनशे अंशांच्या पुढे तापलेला असतो. त्या दाराच्या मुठीवर टिंब न लावता सँडपेपरची पट्टी लावली. तिथे अडकलं तर मदत घ्यायची, यात कमीपणा नाही.

घेण्याआधी

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम 20 सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी द्याव्यात असं सांगतं, आणि आयएस 17802 हे भारतीय मानक माहिती-तंत्रज्ञानाच्या साधनांच्या सुगम्यतेसाठी, म्हणजे ती दिव्यांगांना वापरता यावीत यासाठी, आहे. त्याचा पहिला भाग 2021 चा, दुसरा 2022 चा. दरपत्रक मागवताना या मानकाचा उल्लेख करावा आणि कंपनीचा सुगम्यता अहवाल मागावा. त्यात "अंशतः पूर्तता" असं लिहिलेल्या ओळींसमोरचे शेरे नीट वाचावेत. कागद अडकणं आणि टोनर बदलणं याबद्दल तिथे काही लिहिलंय का ते खास शोधावं, कारण फक्त देखभाल करणारी माणसं जिथे जातात तिथले भाग अमेरिकेतल्या नियमांतूनही वगळलेले आहेत.

विक्रेत्याकडे मशीन बघताना प्रात्यक्षिकात सगळं छानच चालतं. आपण एक सुरकुतलेला कागद फीडरमध्ये घालून मुद्दाम अडकवावा आणि जो सहकारी ते वापरणार आहे त्यालाच काढायला सांगावं. एका विक्रेत्याने "साहेब, मशीन खराब होईल हो" म्हणून हात जोडले. ते मशीन आम्ही यादीतून काढलं.

देखभालीच्या करारात दोन गोष्टी लिहून घेतल्या. तक्रार फोनशिवाय व्हॉट्सॲपवर, वेब पानावरचा चूक-क्रमांक टाकून केलेली चालली पाहिजे, म्हणजे ऐकू न येणारा सहकारीही ती करू शकतो. आणि पिकअप रोलरचा (ट्रेमधून कागद ओढणाऱ्या रबरी रोलरचा) एक जोड मे महिन्यातच बदलायचा. रबर गुळगुळीत झालं की तो कोरडा कागदही धड ओढत नाही, आणि पहिल्या पावसाच्या आठवड्यात तंत्रज्ञ चिपळूण-खेडच्या फेरीवर असतो.